एक्सेल मॅक्रो: शोधलेले सगळे सेल एकदम सिलेक्ट कसे करायचे? (एरर ९१ आणि १००४)

खतावणी:

दूध संकलनाच्या नोंदींची फाइल आहे. 'नोंद' नावाच्या शीटवर साधारण १८,००० ओळी, पहिली ओळ शीर्षकांची. ए कॉलममध्ये तारीख (वेळेसकट), बी मध्ये उत्पादक क्रमांक, सी मध्ये गाव, मग लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ), दर आणि एच मध्ये रक्कम. 'शोध' नावाच्या दुसऱ्या शीटवर बी२ मध्ये गाव किंवा उत्पादक क्रमांक टाकून बटण दाबलं की 'नोंद' मधल्या जुळणाऱ्या सगळ्या ओळी, ए ते एच, एकाच वेळी सिलेक्ट व्हायला हव्यात. पुढे त्या पाहून कॉपी करायच्या आहेत.

सध्याचा कोड मॅक्रो रेकॉर्डरने दिलेला आहे: सेल्स.फाइंड(...).ॲक्टिव्हेट. अडचणी अशा:

शोधलेलं नाव नसेल तर एरर ९१ येतो. 'शोध' शीटवरून बटण दाबलं की कधी कधी सिलेक्टच्या ओळीवर १००४ येतो. उत्पादक १२ शोधला तर कधी बरोबर १२ मिळतो, कधी ११२ आणि १२० सुद्धा. कोड मात्र तोच. दर ३८.५ डोळ्यांना दिसतो, पण मॅक्रोला सापडत नाही. आणि गाव 'कऱ्हाड' काही ओळींत सापडतं, काहींत नाही. तेच नाव थेट कोडमध्ये लिहायला गेलं तर एडिटरमध्ये प्रश्नचिन्हं उमटतात.

ऑफिस २०१९, विंडोज १०. यातल्या कोणत्या अडचणी कोडच्या आणि कोणत्या डेटाच्या, हेही कळलं तर बरं होईल.


पाटीपेन्सिल:

पहिल्या तीन कोडच्या आहेत, चौथी फाइंडच्या स्वभावाची आणि पाचवी डेटाची. पाचवीवर जाणकार लिहितीलच. मी पहिल्या चार घेतो.

एरर ९१: फाइंड ही पद्धत उत्तरादाखल एक रेंज देते. काही सापडलं नाही तर 'नथिंग' देते. रेकॉर्डर तिच्या शेपटीला लगेच .ॲक्टिव्हेट जोडतो, म्हणजे नसलेल्या सेलला ॲक्टिव्हेट हो म्हणून सांगितलं जातं. उत्तर आधी सेट लिहून व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, 'इज नथिंग' तपासायचं, मगच पुढे जायचं. फाइंड स्वतः सिलेक्शन हलवत नाही हेही लक्षात असू द्या. सिलेक्ट करणं हे वेगळं काम आहे.

एरर १००४: सिलेक्ट फक्त चालू शीटवरच चालतं. 'शोध' शीट समोर असताना 'नोंद' वरचा सेल सिलेक्ट करता येत नाही. आधी 'नोंद' ॲक्टिव्हेट करायची, मग सिलेक्ट. शीट लपवलेली असेल तर तेही जमणार नाही, आधी ती उघडी करावी लागेल. 'कधी कधी' येण्याचं आणखी एक कारण बहुधा असं की कोड शीटच्या मॉड्यूलमध्ये आहे. तिथे नुसतं 'रेंज' किंवा 'सेल्स' लिहिलं तर ते त्याच शीटचं धरलं जातं, समोर कोणतीही शीट असो. साध्या मॉड्यूलमध्ये मात्र तेच शब्द चालू शीटचे होतात. म्हणून प्रत्येक रेंज आणि प्रत्येक सेल्सच्या आधी शीट लिहायचीच. रेंज(सेल्स(२, ३), सेल्स(५०, ३)) असं लिहिताना पुष्कळ जण फक्त बाहेरच्या रेंजला शीट जोडतात आणि आतले दोन सेल्स उघडे ठेवतात. दुसरी शीट समोर असली की तिथेही हाच १००४.

१२ च्या जागी ११२: हा फाइंडचा सर्वांत फसवा भाग. लुकइन, लुकॲट, सर्चऑर्डर आणि मॅचबाइट या चार गोष्टी एक्सेल लक्षात ठेवतो. तुम्ही त्या दिल्या नाहीत तर मागच्या वेळच्या वापरल्या जातात, आणि 'मागची वेळ' यात कंट्रोल-एफ ची खिडकीही आली. कोणीतरी हाताने शोधताना 'पूर्ण सेल जुळावा' ही खूण काढली की तुमचा मॅक्रो तेव्हापासून अर्धवट जुळणी करू लागतो. कोड तोच, निकाल वेगळा. उपाय एकच: प्रत्येक फाइंडमध्ये हे सगळं स्वच्छ लिहायचं, 'डिफॉल्ट तसंच आहे' म्हणून सोडायचं नाही.

३८.५ सापडत नाही: लुकइन:=एक्सएलव्हॅल्यूज दिलं की फाइंड सेलमधली खरी संख्या पाहत नाही, पडद्यावर दिसणारा मजकूर पाहतो. सेल '३८.५०' असा दिसत असेल आणि तुम्ही पूर्ण जुळणीने ३८.५ शोधत असाल तर जुळणार नाही. रक्कम १,२५० अशी स्वल्पविरामासकट दिसत असेल तर १२५० सापडणार नाही. कॉलम अरुंद होऊन #### दिसत असेल तर तो सेल शोधातून निसटतो. उलटही होतं: फॅट ३.४६ आहे, फॉरमॅट एक दशांशाचा आहे, तर सेल ३.५ दिसतो आणि ३.५ च्या शोधात सापडतो. पैशाच्या हिशोबात हे चालणार नाही. म्हणून दर, फॅट, रक्कम अशा संख्यांसाठी फाइंड वापरूच नका. त्यासाठी खाली मोजपट्टी लिहितील तसा ॲरेचा (मेमरीत घेतलेल्या किमतींच्या यादीचा) मार्ग धरा.

गाव आणि क्रमांकासाठी पूर्ण कोड देतो. इथे वाचण्यासाठी तो देवनागरीत लिहिला आहे. एडिटरमध्ये सगळे शब्द, व्हेरिएबलची नावंसुद्धा, रोमन अक्षरांत आणि साध्या अंकांतच टाइप करायची. 'शीट१' म्हणजे 'नोंद' चं आणि 'शीट२' म्हणजे 'शोध' चं कोडनेम, जे एडिटरच्या डावीकडच्या यादीत कंसाबाहेर दिसतं. तुमच्या शीटची नावं मराठीत आहेत, ती कोडमध्ये अवतरणचिन्हांत लिहिता येत नाहीत, म्हणून कोडनेम वापरणंच सोयीचं. कोणी शीटचं नाव बदललं तरी ते टिकतं, हा आणखी एक फायदा.

सब ओळीशोधा()
डिम भाग ॲज रेंज, सा ॲज रेंज, जमा ॲज रेंज
डिम पहिला ॲज स्ट्रिंग, काय ॲज स्ट्रिंग
डिम शेवट ॲज लाँग, कॉ ॲज लाँग
काय = ट्रिम(शीट२.रेंज("बी२").व्हॅल्यू)
इफ काय = "" देन एक्झिट सब
इफ शीट१.फिल्टरमोड देन शीट१.शोऑलडेटा
इफ इजन्यूमेरिक(काय) देन कॉ = २ एल्स कॉ = ३
शेवट = शीट१.सेल्स(शीट१.रोज.काउंट, कॉ).एंड(एक्सएलअप).रो
इफ शेवट < २ देन एक्झिट सब
सेट भाग = शीट१.रेंज(शीट१.सेल्स(२, कॉ), शीट१.सेल्स(शेवट, कॉ))
सेट सा = भाग.फाइंड(व्हॉट:=काय, आफ्टर:=भाग.सेल्स(भाग.सेल्स.काउंट), लुकइन:=एक्सएलव्हॅल्यूज, लुकॲट:=एक्सएलहोल, सर्चऑर्डर:=एक्सएलबायरोज, सर्चडायरेक्शन:=एक्सएलनेक्स्ट, मॅचकेस:=फॉल्स)
इफ सा इज नथिंग देन
    शीट२.रेंज("बी३").व्हॅल्यू = ०
    एक्झिट सब
एंड इफ
पहिला = सा.ॲड्रेस
डू
    इफ जमा इज नथिंग देन
        सेट जमा = सा
    एल्स
        सेट जमा = युनियन(जमा, सा)
    एंड इफ
    सेट सा = भाग.फाइंडनेक्स्ट(सा)
    इफ सा इज नथिंग देन एक्झिट डू
लूप व्हाइल सा.ॲड्रेस <> पहिला
शीट२.रेंज("बी३").व्हॅल्यू = जमा.सेल्स.काउंट
शीट१.ॲक्टिव्हेट
इंटरसेक्ट(जमा.एंटायररो, शीट१.रेंज("ए:एच")).सिलेक्ट
ॲक्टिव्हविंडो.स्क्रोलरो = जमा.सेल्स(१).रो
एंड सब

यातल्या काही ओळी का आहेत ते सांगणं गरजेचं आहे, नाहीतर कोणीतरी 'जास्तीच्या' म्हणून काढून टाकेल.

बी२ रिकामा असेल तर बाहेर पडायचं, कारण रिकामी स्ट्रिंग पूर्ण जुळणीने शोधली तर फाइंड रिकामे सेल शोधून देतो.

शोऑलडेटा आधी फिल्टरमोड तपासून चालवायचं. फिल्टर लागलेलाच नसेल आणि तरी हाक मारली तर १००४ येतो. फिल्टर काढायचं कारण असं की एक्सएलव्हॅल्यूजने शोधताना लपलेल्या ओळी वगळल्या जातात. हाताने लपवलेल्या ओळीही यात आल्या. त्या असतील तर आधी उघडा.

'आफ्टर' मध्ये शेवटचा सेल दिला आहे. फाइंड 'आफ्टर' च्या पुढच्या सेलपासून सुरू होतो आणि शेवटाला पोचला की वळून वर येतो. हे दिलं नाही तर पहिला सेल सर्वांत शेवटी तपासला जातो; सगळे गोळा करताना फरक पडत नाही, पण 'पहिला सापडलेला' हवा असेल तर चुकीचा मिळतो.

फाइंडनेक्स्ट गोल फिरत राहतो, म्हणून पहिला पत्ता जपून ठेवायचा. लूपच्या शेवटच्या ओळीत 'नॉट सा इज नथिंग अँड सा.ॲड्रेस <> पहिला' असं एकत्र लिहिलेलं अनेक जागी दिसेल. व्हीबीएमधला (व्हीबीए म्हणजे एक्सेल मॅक्रोची भाषा) 'अँड' दोन्ही बाजू तपासतोच, पहिली खोटी ठरली म्हणून थांबत नाही. लूपमध्ये तुम्ही सापडलेली किंमत बदलत असाल तर शेवटी सा नथिंग होतो आणि त्याच ओळीवर पुन्हा ९१. म्हणून तपासणी वेगळी, आधी.

ओळ क्रमांकासाठी इंटिजर नको, लाँगच. इंटिजर ३२,७६७ ला संपतो आणि एरर ६ येतो. आज १८,००० ओळी आहेत, पण रोज दोन वेळचं संकलन चढत असेल तर ती मर्यादा लांब नाही.


मोजपट्टी:

वरचा कोड नीट आहे. फक्त लूपच्या आत आणखी एखादं फाइंड (किंवा फाइंड वापरणारं दुसरं सब) बोलावू नका. फाइंडनेक्स्ट शेवटच्या फाइंडचे निकष पुढे नेतो, त्यामुळे बाहेरचा शोध मधेच दुसरंच काही शोधू लागतो. तसं करायचंच असेल तर फाइंडनेक्स्ट सोडा आणि प्रत्येक फेरीत पूर्ण फाइंड 'आफ्टर:=सा' देऊन चालवा. रंगावरून शोधताना (सर्चफॉरमॅट:=ट्रू) हेच करावं लागतं, कारण फाइंडनेक्स्ट फॉरमॅटची अट पाळत नाही.

आता संख्यांचं. कॉलम एकदम ॲरेमध्ये घ्या: व = शीट१.रेंज("जी२:जी" & शेवट).व्हॅल्यू२. ही दोन मितींची ॲरे असते आणि मोजणी १ पासून सुरू होते, म्हणजे व(आय, १) ही शीटवरची आय + १ क्रमांकाची ओळ. त्यावर साधं फॉर लूप. १८,००० सेल एकेक करून शीटवरून वाचण्यात जो वेळ जातो तो इथे जवळपास उरत नाही, कारण शीटशी बोलणं एकदाच होतं.

तीन ठिकाणी पाय घसरतो. एकच ओळ असेल तर व ही ॲरे नसतेच, सुटी किंमत असते, इजॲरे तपासा. सेलमध्ये #एन/ए सारखी एरर असेल तर तुलनेतच एरर १३ येतो, आधी इजएरर. आणि रिकामा सेल शून्याच्या बरोबरीचा मानला जातो, म्हणून शून्य शोधताना इजएम्प्टी पाहा. दशांशाची तुलना बरोबर चिन्हाने करू नका; ॲब्स(व(आय, १) - ३८.५) < ०.००१ असं लिहा. दर सूत्रातून येत असेल तर ३८.५ च्या जागी शेपटीला बारीक फरक असलेली संख्या असू शकते.

तारखेचंही हेच. ए कॉलममध्ये वेळ आहे, म्हणजे किंमत पूर्णांक नाही. ५ जून २०२५ म्हणजे ४५८१३, आणि त्या दिवशी सकाळी ६ म्हणजे ४५८१३.२५. फाइंड दिसणारं रूप पाहतो आणि मॅच (किंमत यादीत कितवी आहे ते सांगणारं सूत्र) पूर्ण किंमत पाहतं. दोघेही इथे चुकतील. इंट(व(आय, १)) = सीएलएनजी(डेटसीरियल(२०२५, ६, ५)) हे चालतं. व्हॅल्यू२ घ्यायचं कारणही हेच, त्यात तारीख साध्या संख्येच्या रूपात येते. सीडेटला "०५/०६/२०२५" देऊ नका. विंडोजच्या सेटिंगवर ते ५ जून होईल किंवा ६ मे.

फक्त एकच ओळ हवी असेल, उदाहरणार्थ उत्पादकांच्या यादीतून नाव, तर मॅच पुरे. ॲप्लिकेशन.मॅच लिहा, वर्कशीटफंक्शन.मॅच नको. पहिलं न सापडल्यास एरर-किंमत परत देतं, जी व्हेरियंटमध्ये घेऊन इजएररने तपासता येते. दुसरं थेट १००४ देऊन मॅक्रो थांबवतं. मॅचला मजकुरातला १२ आणि संख्येतला १२ वेगळे वाटतात, फाइंडला ते सारखेच दिसतात. क्रमांक कुठून तरी आयात केलेले असतील तर कॉलममध्ये दोन्ही जातींची भेसळ असते, तेव्हा हे आधी पाहून घ्या.


अक्षरजुळणी:

कऱ्हाडवर येतो. हा प्रश्न मराठी डेटात इतका वारंवार येतो की त्याच्या मुळाशी जायला हवं.

कोडमध्ये मराठी का लिहिता येत नाही: व्हीबीएचा एडिटर युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) पाळत नाही, तो विंडोजच्या जुन्या ॲन्सी कोडपेजवर (मोजक्या चिन्हांच्या तक्त्यावर) चालतो, आणि देवनागरीला असं कोडपेज कधी नव्हतंच. म्हणून प्रश्नचिन्हं. एमएसजीबॉक्सही याच कारणाने मराठी दाखवत नाही. पण व्हेरिएबलमधली स्ट्रिंग मात्र पूर्ण युनिकोड असते. त्यामुळे शब्द सेलमधून वाचा (तुम्ही बी२ मधून वाचताच आहात), निरोपही सेलमध्येच लिहा. वर संख्या बी३ मध्ये टाकली आहे ते बरोबर आहे. कोडमध्ये अक्षर लागलंच तर सीएचआरडब्ल्यू वापरा. 'नाशिक' म्हणजे सीएचआरडब्ल्यू(२३४४) & सीएचआरडब्ल्यू(२३६६) & सीएचआरडब्ल्यू(२३५८) & सीएचआरडब्ल्यू(२३६७) & सीएचआरडब्ल्यू(२३२५). साधा सीएचआर इथे चालत नाही.

आता एकाच 'कऱ्हाड' ची तीन रूपं. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात:

क, ऱ (२३५३), हलन्त (२३८१), ह, काना, ड. एकूण ६ चिन्हं.
क, र (२३५२), हलन्त (२३८१), अदृश्य जोडक (८२०५), ह, काना, ड. एकूण ७.
क, र (२३५२), नुक्ता (२३६४), हलन्त, ह, काना, ड. तीही ७.

कोणता कीबोर्ड वापरला, मजकूर कुठून चिकटवला, यावर रूप ठरतं. अंक आणि इंग्रजी अक्षरांपुरता विचार केलेला कोड इथे अडखळतो. तपासायला मॅक्रोही लागत नाही: शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये लेन (चिन्हं मोजणारं) सूत्र लावा. काही ओळींत ६, काहींत ७ आलं तर रोग सापडला. कोणतं चिन्ह कुठे आहे ते युनिकोड आणि मिड ही सूत्रं एकत्र लावून दिसतं. युनिकोड हे सूत्र एक्सेल २०१३ पासून आहे.

लेन ७ पेक्षा जास्त आलं तर बहुधा मागे-पुढे जागा आहे. साधी जागा (३२) ट्रिमने जाते. वेब पानावरून आलेली न तुटणारी जागा (१६०) ट्रिमने जात नाही, ना व्हीबीएच्या, ना शीटवरच्या.

माझ्या मते शोधताना तडजोडी करण्यापेक्षा कॉलम एकदाच स्वच्छ करावा आणि नवी नोंद येताना यादीतूनच गाव निवडायला लावावं. स्वच्छ करण्याचं फंक्शन छोटं आहे:

फंक्शन स्वच्छ(बायव्हॅल स ॲज स्ट्रिंग) ॲज स्ट्रिंग
स = रिप्लेस(स, सीएचआरडब्ल्यू(१६०), " ")
स = रिप्लेस(स, सीएचआरडब्ल्यू(२३५२) & सीएचआरडब्ल्यू(२३८१) & सीएचआरडब्ल्यू(८२०५), सीएचआरडब्ल्यू(२३५३) & सीएचआरडब्ल्यू(२३८१))
स = रिप्लेस(स, सीएचआरडब्ल्यू(२३५२) & सीएचआरडब्ल्यू(२३६४), सीएचआरडब्ल्यू(२३५३))
स्वच्छ = ॲप्लिकेशन.ट्रिम(स)
एंड फंक्शन

क्रम महत्त्वाचा: १६० आधी, ट्रिम शेवटी. ॲप्लिकेशन.ट्रिम घेतलं कारण ते मधल्या दुहेरी जागाही एक करतं. 'वडगाव  हवेली' मधली जास्तीची जागा व्हीबीएच्या ट्रिमला दिसत नाही. आणि बी२ मधला शब्दही याच फंक्शनमधून काढा, नाहीतर डेटा स्वच्छ आणि शोधशब्द जुन्या रूपात अशी नवीच चुकामूक होईल.

'ॲ' चंही असंच आहे. एकात २४१८ हे एकच चिन्ह, दुसऱ्यात अ (२३०९) आणि अर्धचंद्र (२३७३) अशी दोन. गावांच्या नावांत क्वचित लागेल, पण 'ॲड.' लावलेल्या नावांत हमखास. 'कराड' आणि 'कऱ्हाड' मात्र दोन वेगळी लेखनं आहेत, ती कोणतंही रिप्लेस समजून घेणार नाही. त्यासाठी दोन कॉलमांची छोटी पर्यायी यादी ठेवावी लागते.

जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या बिगर-युनिकोड फाँटात असतील तर वरचं काहीच लागू नाही. त्या सेलमध्ये खरं तर रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना मराठी रूप देतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग शोध.


खतावणी:

लेन लावून पाहिलं. ६, ७ आणि ८ असे तीनही आकडे आले. ८ वाल्यांत शेवटी १६० होता. स्वच्छ केल्यावर कऱ्हाडच्या सगळ्या ओळी सापडतात.

दोन गोष्टी राहिल्या. मोठं गाव टाकलं की (अडीच-तीन हजार ओळी) मॅक्रो बराच वेळ घेतो. आणि फॅटचे रिकामे सेल सिलेक्ट करायला स्पेशलसेल्स वापरलं, तर एकदा संपूर्ण शीटवरचे रिकामे सेल निवडले गेले.


मोजपट्टी:

वेळ युनियनमध्ये (सापडलेले सेल एकत्र जोडण्यात) जातो. विखुरलेले तुकडे जितके वाढतात तितकी प्रत्येक पुढची युनियन जड होते. हजारांच्या घरात गेलात की गोळा करण्याची रीत बदला आणि काम फिल्टरवर सोपवा: शीट१.रेंज("ए१:एच" & शेवट).ऑटोफिल्टर फील्ड:=३, क्रायटेरिया१:="=" & काय. मग शीर्षकाची ओळ सोडून उरलेल्या भागावर स्पेशलसेल्स(एक्सएलसेलटाइपव्हिजिबल).सिलेक्ट. लूप नाही, युनियन नाही. काही जुळलं की नाही ते आधी ॲप्लिकेशन.सबटोटल(१०३, सी२ ते सी-शेवट) ने मोजा. ते दिसणारे भरलेले सेल मोजतं. शून्य असेल तर फिल्टर काढून बाहेर पडा, कारण स्पेशलसेल्सला काही मिळालं नाही तर तो नथिंग देत नाही, १००४ देतो.

फिल्टरमुळे दिसणाऱ्या ओळी लागून येतात आणि कॉपीही सरळ होते. तुमचं पुढचं काम कॉपीचंच आहे, तेव्हा हीच वाट बरी.

युनियन टाळण्यासाठी पत्त्यांची लांब स्ट्रिंग, "ए५:एच५,ए९:एच९,..." अशी, करू नका. रेंजला दिलेला पत्ता २५५ अक्षरांपलीकडे गेला की १००४.


पाटीपेन्सिल:

रिकाम्या सेलचं कारण: स्पेशलसेल्स एकाच सेलवर चालवलं तर ते त्या सेलपुरतं राहत नाही, शीटचा सगळा वापरलेला भाग धरतं. त्या दिवशी डेटाची एकच ओळ असलेली शीट असेल, म्हणजे ई२:ई२. बंदोबस्त इंटरसेक्टने होतो:

सेट फ = शीट१.रेंज("ई२:ई" & शेवट)
ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट
सेट रि = इंटरसेक्ट(फ, फ.स्पेशलसेल्स(एक्सएलसेलटाइपब्लँक्स))
ऑन एरर गोटू ०
इफ नॉट रि इज नथिंग देन शीट१.ॲक्टिव्हेट: रि.सिलेक्ट

ऑन एरर गोटू ० विसरलात तर पुढच्या सगळ्या एरर गिळल्या जातील आणि मॅक्रो काहीच न करता संपल्यासारखा वाटेल. इथे 'शेवट' मात्र बी कॉलमवरून काढा, ई वरून नको. ई च्या तळाला रिकामे सेल असतील तर एंड(एक्सएलअप) त्यांच्या वरच थांबतो आणि नेमके तेच सुटतात.

सूत्राने "" दिलेला सेल रिकामा दिसतो, पण ब्लँक्समध्ये येत नाही. फॅट सूत्रातून येत असेल तर ॲरे घेऊन लेन शून्य आहे का ते पाहा.

सिलेक्ट झालेल्या ओळी मोजताना सिलेक्शन.रोज.काउंट वापरू नका, ते फक्त पहिल्या तुकड्याच्या ओळी मोजतं. सिलेक्शन.एरियाज वर फिरून बेरीज करा. सेल मोजायचे असतील तर काउंटपेक्षा काउंटलार्ज भरवशाचं. पूर्ण शीट निवडली गेली तर १०,४८,५७६ ओळी गुणिले १६,३८४ कॉलम म्हणजे १,७१७ कोटींहून जास्त सेल होतात, आणि काउंटची झेप साधारण २१४ कोटींपर्यंतच आहे. त्यापुढे एरर ६.


खतावणी:

फिल्टरची रीत लावली. तीन हजार ओळींचं गाव आता लगेच निवडलं जातं. इंटरसेक्टने रिकाम्या फॅटचंही जमलं.

शेवटचं: फाइल लिबरऑफिसमध्ये उघडणाऱ्यांसाठी हाच कोड चालेल का?


मोजपट्टी:

लिबरऑफिस व्हीबीएचा काही भाग समजतं, पण फाइंड-फाइंडनेक्स्टच्या भरवशावर राहू नका. तिथली स्वतःची रीत खरं तर सोपी आहे. शीटवर क्रिएटसर्चडिस्क्रिप्टर बोलवा, सर्चस्ट्रिंगमध्ये शब्द द्या, सर्चवर्ड्स = ट्रू केलं की पूर्ण सेल जुळवला जातो. मग शीट.फाइंडऑल(डिस्क्रिप्टर). सगळे सेल एकाच वस्तूत मिळतात, लूप नाही, पहिला पत्ता जपणं नाही. इजनल तपासून ती वस्तू थेट धिसकंपोनंट.करंटकंट्रोलर.सिलेक्ट ला द्या. शोध एका कॉलमपुरता हवा असेल तर शीटऐवजी गेटसेलरेंजबायनेम ने घेतलेल्या रेंजवर हेच करा.

शीटचं मराठी नाव तिथल्या एडिटरमध्ये सरळ लिहिता येतं, तो युनिकोड पाळतो. कऱ्हाडची तीन रूपं मात्र तिथेही तीनच आहेत, तेव्हा अक्षरजुळणींचं फंक्शन सोबत न्या. लिबरऑफिस बेसिकमध्ये सीएचआरडब्ल्यू हवं असेल तर मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत 'ऑप्शन व्हीबीएसपोर्ट १' लिहावं लागतं, आणि ॲप्लिकेशन.ट्रिमच्या जागी साधा ट्रिम घेऊन दुहेरी जागा रिप्लेसने काढा.